पान कोण उघडतं?

१९९६ सालचा पावसाळा. भालकीतल्या मराठी शाळेत मी दहावीच्या वर्गाला पेशी शिकवत होते. फळ्यावर गोल काढला, आत केंद्रक काढलं, केंद्रकात डीएनएची पिळदार शिडी काढली आणि दर वर्षी सांगायचे तेच सांगितलं : आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हाच डीएनए असतो, अक्षर न् अक्षर सारखा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग डोळ्यात दात का उगवत नाहीत?"

वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं आणि म्हणाले, "निसर्गाची तशी योजना असते." तिनं पेनाला टोपण लावलं. माझं वाक्य तिनं वहीत उतरवून घेतलं नाही, हे मला टेबलापासून दिसलं. ते उतरवून घेण्याजोगं नव्हतंच. योजना असते म्हणजे ती कुठेतरी नोंदलेली असते आणि कुणीतरी ती नोंद वाचतं. कुठे, आणि कोण, हे मला सांगता आलं नव्हतं.

मी गुलबर्गा विद्यापीठाची बी.एस्सी. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसमध्ये दखनी बोलणाऱ्या या सीमेवरच्या मुलांना मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या एका प्रश्नाचं उत्तर गोळा करायला मात्र निवृत्तीनंतरचीही वर्षं लागली. ते उत्तर प्रथिनांच्या आकारात दडलेलं होतं. डीएनएची सगळी अक्षरं वाचूनही ते हाती लागलं नसतं. अक्षरांभोवती गुंडाळी कशी आहे आणि त्या गुंडाळीवर खुणा कुठे आहेत, हे पाहिल्यावरच ते लागलं.

वडिलांची पोथी, आईचं मोरपीस

आमचं मूळ गाव आळंद तालुक्यात. गाणगापूरचे दत्त महाराज हे घरचं दैवत. वडील दर वर्षी दत्तजयंतीआधी गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. पोथी सुट्या पानांची, तांबड्या बासनात गुंडाळलेली. कोणत्या दिवशी कोणते अध्याय, ते ठरलेलं. एरवी रोज फक्त चौदावा. म्हणून चौदाव्या अध्यायाची पानं अंगठ्यानं मळून मऊ झाली होती, आणि शेवटी जोडलेली काही पानं कुणी कधी न उघडल्यामुळे एकमेकांना चिकटून बसली होती.

आईला अक्षरओळख नव्हती. पण वाचन कुठवर आलं याची खूण तीच ठेवायची, मोरपिसाचा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी पहाटे, दिवा लागायच्या आधी, ती बोटांनी चाचपून नेमकं पान वर काढून द्यायची. मजकूर तिला वाचता येत नव्हता, खूण हाताला लागायची.

पेशीत हेच घडतं. माणसाच्या डीएनएत प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. डोळ्याच्या भिंगातली पेशी भिंगाची पारदर्शक प्रथिनं बनवणारी पानं उघडते. दाताचं कवच घडवणारी पेशी कवचाची पानं उघडते. दोघींकडे पोथी तीच. डोळ्यात दाताचं पान आहे, पण बासनात घट्ट बांधलेलं आहे. मजकुराला हात न लावता कोणतं पान उघडं आणि कोणतं बंद हे ठरवणाऱ्या या व्यवस्थेला 'एपिजेनेटिक्स' म्हणतात. मराठीत अधिजनुकशास्त्र. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी हा शब्द १९४२ मध्ये वापरात आणला, डीएनएची शिडी दिसण्याच्या ११ वर्षं आधी. शब्द आला, पण खूण कशी असते आणि ती कोण चाचपतं, हे दिसायला पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षं जायची होती.

तुरीच्या दाण्यात दोन किलोमीटर दोरा

आधी गुंडाळी समजून घेऊ. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात मावतो त्याची रुंदी मीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सहापट, म्हणजे ६ मायक्रोमीटर. या आकड्यांनी वर्गात कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून मी सगळं हजारपट मोठं करते. केंद्रक मग तुरीच्या दाण्याएवढं होतं आणि त्याच्या आत जो दोरा भरायचा आहे तो होतो २ किलोमीटर लांब, केसाच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक. आमच्या गावाकडची मुलं तुरीच्या रानातच वाढतात. दाणा हातावर ठेवून "यात इथून स्टेशनपर्यंतचा दोरा भरायचा, आणि पाहिजे तो धागा क्षणात सापडला पाहिजे" असं सांगितलं की वर्ग गप्प होतो.

दोरा नुसता कोंबला तर गुंता होईल. म्हणून पेशी तो रिळांवर गुंडाळते. ही रिळं प्रथिनांची असतात. त्या प्रथिनांना हिस्टोन म्हणतात, आणि रीळ व त्यावरचा दोरा मिळून न्यूक्लिओसोम. एका पेशीत अशी सुमारे ३ कोटी रिळं असतात. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही मांडणी सुचवली. पण रिळाची आतली रचना कुणी पाहिली नव्हती.

पाहायचं तरी कसं? आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर दोन अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट मोठी असते. एवढ्या जाड बोटानं अणू चाचपता येत नाहीत. क्ष-किरणांची लहर अणूंच्या अंतराएवढीच असते, पण एका रेणूवरून परतणारे किरण फार क्षीण. म्हणून शास्त्रज्ञ प्रथिनाचे स्फटिक बनवतात. साखरेच्या पाकातून खडीसाखर जमते तसेच, पण कितीतरी जास्त चिकाटीनं. स्फटिकात अब्जावधी रेणू शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे एकाच पवित्र्यात, ओळीत असतात. त्यांच्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या ठिपक्यांवरून गणितानं मागे जात अणू कुठे कुठे होते ते काढता येतं.

प्रथिनाचा आकार म्हणजे काय, याचं व्याकरण आपल्याच देशात घडलं, हे मी मुलांना आवर्जून सांगते. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. ही माळ हवी तशी वळत नाही. कोणत्या कोनात वळली तर अणू एकमेकांवर आदळतील आणि कोणत्या कोनात सुखानं बसतील, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली मांडला. पुढे रामचंद्रन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना सापडली की ती रामचंद्रन आलेखावर तपासून घेतात.

रिळाचं पहिलं चित्र १९८४ मध्ये मिळालं, पण धुक्यातून पाहिल्यासारखं. त्या चित्रावर काम केलेले टिमोथी रिचमंड पुढे झुरिकला गेले, आणि १९९७ मध्ये तिथून त्यांच्या गटानं, त्यात कॅरोलिन लुगर आघाडीवर होत्या, २.८ अँगस्ट्रॉम इतकं बारकाईचं चित्र प्रसिद्ध केलं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. माझ्या विद्यार्थिनीनं प्रश्न विचारला त्याच्या पुढच्याच वर्षी.

त्या चित्रात आठ हिस्टोन प्रथिनं एकमेकांत गुंतून थाळीसारखं रीळ झालेली दिसतात. त्याभोवती डीएनएची १४६ अक्षरं सुमारे पावणेदोन वेढे घेतात. पण मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शेपट्या. प्रत्येक हिस्टोनची एक शेपटी दोऱ्याच्या वेढ्यांमधून बाहेर आलेली असते. बासनाच्या गाठीचं टोक बाहेर राहावं, हाताला लागावं, तशी. मोरपीस ठेवायची जागा तीच.

प्रश्नाच्याच वर्षी सापडलेले दोन हात

शेपटीवर खूण असते असा तर्क जुना होता. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं की हिस्टोनला असिटाइल नावाचा लहानसा रासायनिक तुकडा चिकटला की जनुक वाचलं जात असावं. त्यामागचं कारण सरळ आहे. शेपटीवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर धन भार असतो, डीएनएवर ऋण. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. असिटाइल चिकटलं की लायसिनचा भार नाहीसा होतो आणि पकड सैल पडते. पण ही खूण ठेवणारा हात सापडत नव्हता.

तो सापडला तळ्यातल्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवात. टेट्राहायमिना त्याचं नाव. या एकपेशी जीवाला दोन केंद्रकं असतात. एकातली जनुकं सतत वाचली जातात, दुसरं पुढच्या पिढीसाठी मिटून ठेवलेलं. उघडी पोथी आणि बांधलेली पोथी एकाच घरात! डेव्हिड ॲलिस यांनी हा जीव निवडला तो यासाठीच. त्याच्या उघड्या केंद्रकातून त्यांच्या गटानं असिटाइल चिकटवणारं विकर वेगळं केलं, आणि ते यीस्टमधल्या एका ओळखीच्या प्रथिनाचं भावंड निघालं. जनुकं चालू करण्याशी त्या प्रथिनाचा संबंध आधीच ठाऊक होता. तर्काचा पुरावा झाला. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटानं असिटाइल काढून टाकणारं, खूण पुसणारं विकर शोधलं. ते वर्ष होतं १९९६.

मी वर्गात "योजना असते" म्हणत होते, तेव्हा खूण ठेवणारा हात आणि खूण पुसणारा हात दोन्ही छापून आलेले होते. ते भालकीपर्यंत पोचायला फार वर्षं लागली. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे मराठीत लिहावंसं वाटतं.

चौबाऱ्याजवळचा काळा रंग

खूण ठेवली, पुसली. पण ती चाचपतं कोण? हे समजून घेण्यासाठी मी मुलांना बिदरला चौबाऱ्याजवळच्या बिदरी कारागिरांकडे न्यायचे. सोळा भाग जस्ताला साधारण एक भाग तांबं, असा रस ओतून सुरई घडवतात. मोरचूद लावून तिचा पृष्ठभाग काळपट करतात, म्हणजे नक्षीची रेघ दिसते. रेघ कोरतात, खोबणीत चांदीची तार ठोकून बसवतात, घासून सपाट करतात. आता सगळी सुरई चकचकीत पांढरी, नक्षी जवळजवळ दिसेनाशी. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम सुरईवर चोळतात. बघता बघता धातू गडद काळा होतो आणि चांदी पांढरीशुभ्र उठून येते.

माती सगळीकडे लागते, मग चांदी का काळी होत नाही, असं एका मुलानं विचारलं. तिथले चाचा म्हणाले, "मट्टी तो सब पर लगती बाई, चढती जस्ते पर इच." लागणं वेगळं, चढणं वेगळं. जिथे जुळतं तिथेच चढतं.

प्रथिनांचं वाचन असंच चालतं, आणि तिथे जुळणं म्हणजे आकार जुळणं. एचपी-१ नावाचं एक प्रथिन आहे. बंद ठेवलेल्या पानांवर ते सापडतं. एच-३ या हिस्टोनच्या शेपटीवरच्या नवव्या जागेच्या लायसिनला मिथाइल गट चिकटले की ते तिथे येऊन बसतं. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीच खूण. एवढ्याशा खुणेनं एवढा फरक कसा पडतो? २००२ मध्ये दोघांची एकत्र रचना उलगडली आणि उत्तर दिसलं. एचपी-१ मध्ये एक छोटी खोबण आहे. तिच्या तीन बाजूंना चपट्या कड्यांची तीन अमिनो आम्लं भिंतींसारखी उभी आहेत. मिथाइल लागलेलं लायसिनचं टोक त्या खोबणीत बरोबर बसतं, खोबणीत चांदीची तार बसावी तसं. मिथाइल नसलेलं लायसिन तिथे टिकत नाही. असिटाइलची खूण चाचपणाऱ्या प्रथिनांची खोबण वेगळ्याच घाटाची, ती १९९९ मध्ये दिसली होती.

गुंता पुढे आहे. तीच मिथाइल खूण, त्याच शेपटीवर, पण नवव्या जागेऐवजी चौथ्या जागी असेल तर पान बंद राहत नाही, उघडं असतं. वाचणाऱ्याला जागा कळते कशी? मुंबईत जन्मलेले, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेत काम करणारे दिनशॉ पटेल यांनी ॲलिस यांच्याबरोबर २००६ मध्ये अशा एका वाचकाची रचना दाखवली. तो वाचक फक्त मिथाइल धरत नाही. एका खोबणीत चौथं लायसिन आणि शेजारच्या खोबणीत दुसऱ्या जागेवरचं अमिनो आम्ल, असं शेपटीचं टोकच दोन ठिकाणी धरतो. म्हणजे तो खूण आणि तिचा शेजार दोन्ही चाचपतो. आईसुद्धा फक्त मोरपीस शोधत नसे. पानांचा गठ्ठा अंगठ्याला किती जाड लागतो तेही बघायची.

रीळ लाकडाचं नव्हे

जयंत नारळीकरांची पुस्तकं आमच्या शाळेच्या कपाटात होती. आकाशाची गोडी मराठी मुलांना लावणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाची आणि गणितज्ञ मंगला नारळीकरांची मुलगी गीता नारळीकर पेशीच्या आतल्या विश्वात काम करते, हे मला फार उशिरा कळलं. मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र, स्टॅनफर्डला पीएच.डी., आणि आता सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा विषय नेमका हाच : रिळं सरकतात कशी?

कारण नुसती खूण चाचपून भागत नाही. दोरा रिळावर घट्ट असेल तर मधलं अक्षर वाचता येत नाही. पेशीत रिळं सरकवणारी यंत्रंच आहेत, प्रथिनांचीच, इंधन जाळून चालणारी. वर्षानुवर्षं समज असा होता की रीळ कडक आहे आणि यंत्र त्याच्यावरून फक्त दोरा ओढतं. २०१७ मध्ये गीता नारळीकरांच्या गटानं 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की यंत्र बसलं की रीळ स्वतःच आकार बदलतं. मग त्यांनी रिळातली प्रथिनं एकमेकांना रासायनिक टाक्यांनी शिवून टाकली, म्हणजे रीळ वाकूच शकणार नाही. आणि सरकणं मंदावलं. रीळ लाकडाचं नव्हतं, मळलेल्या कणकेचं होतं. दाबलं की किंचित वाकतं आणि दोऱ्याला वाट देतं.

त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतून एचपी-१ विषयीही मोठी गोष्ट बाहेर आली. माणसातल्या एका एचपी-१ प्रथिनाचे नळीतल्या द्रावणात थेंब तयार होतात. आमटीवर तेलाचे थेंब वेगळे तरंगतात, एकमेकांना भेटले की एक होतात, तसे. बंद पानं म्हणजे कुलूप लावलेली खोली, अशी माझी कल्पना होती. आता दिसतं की ती दाट थेंबासारखी जागा असू शकते. आत कुणी यायचं आणि कुणी बाहेर राहायचं, ते त्या थेंबाच्या गुणांवर ठरतं. दोन वर्षांनी याच गटानं दाखवलं की असं प्रथिन रिळाचा आकारही सैल करतं, आतले भाग उघडे पाडतं, आणि त्यामुळे रिळं एकमेकांना धरून थेंबात गोळा होतात. बंद करण्यासाठी आधी थोडं उघडावं लागतं, हे रचनेकडे पाहिल्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

आता स्फटिकांवरच अडून राहावं लागत नाही. प्रथिनं गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माळेतल्या क्रमावरून आकाराचं भाकीत करणाऱ्या संगणकी प्रणालीला, अल्फाफोल्डला, २०२४ मध्ये त्याच पारितोषिकात वाटा मिळाला. जो आकार मिळवायला रिचमंड यांना १९८४ ते १९९७ लागले, तशा आकारांची भाकितं आता आमच्या भागातल्या महाविद्यालयातली मुलगीही मोबाइलवर उघडून पाहू शकते.

चाचांचं जस्त, आणि पुण्याचं बाळ

हे कुतूहलापुरतं नाही. खुणा चुकीच्या जागी पडल्या की रोग होतात. कितीतरी कर्करोगांत पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पानं चुकून बांधली गेलेली असतात. मजकूर शाबूत, पण कुणी वाचत नाही. तिथे आशा आहे, कारण खुणा बदलता येतात.

खूण पुसणाऱ्या विकरासारख्याच एका जिवाणूच्या प्रथिनाची रचना १९९९ मध्ये दिसली. त्यात एक अरुंद नळी आहे आणि नळीच्या तळाशी जस्ताचा एक अणू. असिटाइल तोडण्याचं काम त्या जस्ताच्या मदतीनं होतं. त्याच चित्रात एक औषधी रेणूही दिसत होता, नळीत लांब दांडा घालून टोकानं जस्ताला पकडून बसलेला. विकर तिथेच अडकतं आणि पानं उघडी ठेवणाऱ्या असिटाइल खुणा पुसणं थांबतं. व्होरिनोस्टॅट या नावानं तो रेणू २००६ मध्ये त्वचेतल्या एका प्रकारच्या लिम्फोमावर औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. चाचा मुशीत ओततात तेच जस्त. ते चित्र पाहिल्यापासून मी बिदरीची सुरई हातात घेते तेव्हा त्या एका अणूची आठवण होते.

आणि खुणा घडवायला लागणारं सामान ताटातून येतं. मिथाइल गट शरीरात एका चक्रातून तयार होतो. त्या चक्राला फोलेट लागतं आणि ब-१२ जीवनसत्त्व लागतं. फोलेट आपल्या पालेभाज्यांत आणि तुरीच्या डाळीतही आहे. ब-१२ वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळाचं जन्मवजन सरासरी ३.५ किलो, आपल्या गावांतल्या बाळाचं २.७ किलो. पण बारीक दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. बहुतेक आयांना ब-१२ कमी पडत होतं. ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीराला सहाव्या वर्षी इन्सुलिन सर्वांत कमी दाद देत होतं. म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेबरोबर ब-१२ देऊन डीएनएवरच्या मिथाइल खुणांत काय बदलतं तेही तपासलं गेलं. आमच्या भागात गरोदर बाईनं सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली भाकरी आणि आमटी खाण्याची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुधाची वाटी तिच्या वाट्याला शेवटी यायची. ती वाटी तिच्यासमोर आधी ठेवायला हवी.

याच विषयाच्या नावानं बाजारात "तुमचा डीएनए बदलून देतो" असं सांगणारेही फिरतात. त्यांच्यापासून सावध राहावं. खुणा बदलतात, मजकूर बदलत नाही. शिवाय नवा गर्भ तयार होताना डीएनएवरच्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात आणि पुन्हा नव्यानं लिहिल्या जातात. पोथी लेकीच्या हाती देताना आधीच्या घरातली मोरपिसं काढून घ्यावीत तसं. आजीचं दुःख नातवाच्या पेशीत कोरलेलं आहे, असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि आपल्या वंशात मधुमेह आहे म्हणून आपलं ठरलेलंच आहे, असंही मानू नये.

उशिरा दिलेलं उत्तर

गेल्या दिवाळीत ती मुलगी घरी आली. आता कलबुर्गीत राहते, तिची स्वतःची मुलगी नववीत आहे. मी तिला तो प्रश्न आठवतो का विचारलं. तिला आठवत नव्हता. मला आठवत होता, म्हणून मी देवघरातली पोथी आणली, तुरीचा दाणा आणला, शिवणाचं रीळ आणलं, आणि डोळ्यात दात का उगवत नाहीत ते मायलेकींना सांगितलं. खुणा सांगितल्या, खोबणी सांगितल्या, कणकेचं रीळ सांगितलं.

तिची मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "आजी, पण पान उघडणारं प्रथिनसुद्धा पोथीतलंच एक पान वाचून बनतं ना? मग अगदी पहिलं पान कोण उघडतं?"

या वेळी मी योजनेचं नाव घेतलं नाही. तिला सांगितलं : पोथीची निम्मी पानं वडिलांची, निम्मी आईची. पण गर्भाच्या पहिल्या दोनचार पेशी होईपर्यंत त्याची स्वतःची पोथी जवळजवळ मिटलेलीच असते. तोवरचं सगळं काम चालतं ते आईच्या बीजपेशीत आधीच भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि निरोपांवर. पहिली पानं उघडणारे हातही त्यातलेच. ते आईकडून आलेले असतात.

ती थोडा वेळ पोथीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं की हात लावू का, आणि बासनाच्या बाहेर आलेलं टोक बोटांनी चाचपलं.